होडीची खोड

दुधावर साय पातळ आली तर म्हशीनं दूध चोरलं आणि जाड आली तर आईनं वरून काहीतरी कालवलं, असं आमच्या दादांचं ठाम मत असे. दादा म्हणजे माझे वडील. गिरणीतून पीठ आलं की ते चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गिरणीवाल्याचं नाव घेऊन मान हलवायचे. पाहुणा आला तर का आला, आणि नाही आला तर का नाही आला. बैलबाजारात त्यांची उभी हयात गेली होती. घरी जोडी एकच, पण गावात कुणाला बैल घ्यायचा झाला की दादांना सोबत न्यायचे, कारण दादांना फसवणारा व्यापारी अजून जन्माला यायचा होता. निदान दादा तसं सांगत. "शिंगं चकाकली की समजायचं बैल म्हातारा हाय," हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून, तेल चोळून त्याला नवरदेव करून उभा करतात ना, म्हणून. मीही त्यांचीच मुलगी. आजसुद्धा मुलगा मोबाईलवर "आई, जेवलीस का" असं प्रेमानं विचारतो, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा येतं, याला आता काय पाहिजे?

आमचं घर कर्जत तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. धरणाचं पाणी मागे पसरत आलेलं, त्यामुळे नदी कसली, समुद्रच वाटायचा. दिवसभर विहिरीवरच्या मोटारीची घरघर, पाणकोंबड्यांची किरकिर आणि संध्याकाळी पलीकडच्या काठावरून येणारा रेल्वेचा भोंगा. त्या पलीकडच्या काठावर कॉलेज होतं. आमच्या काठानं कॉलेजला जायचं तर मिरजगावकडे दोन एसट्या बदलून जावं लागे, आणि पोरीनं दोन एसट्या बदलणं दादांना मंजूर नव्हतं. एका एसटीत काय घडतं ते त्यांना ठाऊक होतं, दुसरीत काय घडेल ते देवाला ठाऊक, असं काहीसं. होडीनं मात्र घटकाभरात पलीकडे. पण लक्ष्मणतात्यांची लाकडी होडी, जिच्यातून सारा गाव ये-जा करी, ती त्या वर्षी बुडाशी कुजली आणि काठावर पालथी पडली. उताराची, म्हणजे होडी लागायच्या जागेची, वाट आमच्या बांधावरून, म्हणून नवी होडी तुम्हीच घाला, असं गावानं दादांना म्हटलं. का म्हटलं, याचाही दादांना संशय आलाच. पण मी बारावी पास झाले होते आणि घरात रडून ओरडून उच्छाद मांडला होता. तेव्हा दादांनी एके दिवशी जेवता जेवता निकाल दिला, "होडी चालली तर कॉलेज. न्हाई चालली तर श्रीगोंद्याचं स्थळ." आईनं भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं. स्थळ मी पाहिलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, पण चहा पिताना त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, म्हशीची धार काढता येते का. फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती.

होडी आणली वसंतामामानं. मामा आईचा धाकटा भाऊ. सुप्याला एका कारखान्यात टेम्पोची टपं आणि पाण्याच्या टाक्या बनवायचा, सगळं फायबरचं. कुठल्याशा तलावावर हौशी लोकांना फिरवायच्या बोटी होत्या, तो उद्योग बंद पडला, त्यातली एक मामानं दादांसाठी ठरवली. टेम्पोतून ती आमच्या दारात उतरली तेव्हा उतरवणारे सगळे पांढरेफटक झाले. हात पांढरे, पोटं पांढरी, एकाचं नाक पांढरं. होडीला जिथं बोट लावावं तिथं खडूसारखी भुकटी निघायची. मूळ रंग निळा होता म्हणे. दादांनी तळहात फिरवला, तो डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ. "ही विरघळती का काय?"

"दाजी, उन्हानं झालंय," मामा म्हणाला. "वर्सानुवर्सं उघड्यावर पडलीवती. वरची साल जळली निस्ती. घासली, पालीश केली, वर मेण चढवलं, की तोंड बघाल तिच्यात."

बाकी सगळं दादांनी ऐकून घेतलं असतं, पण "तोंड बघाल" म्हटलं आणि माशी शिंकली. रात्री भाकरीवर हुलग्याची शेंगोळी वाढताना आईनं भावाच्या ताटात जास्त वाढली, तेही त्यांनी पाहिलं. सकाळी मला गोठ्यात बोलावून हळूच म्हणाले, "शके, त्याच्या हाताखाली काम कर. अन् नजर ठेव. चकाकी आणतो म्हंतोय."

अशी मी हेर झाले. होडी लिंबाखाली दोन मोठ्या दगडांवर पालथी घातली होती. आधी साबणाच्या पाण्यानं धुतली. पाणी ताकासारखं वाहिलं. मग मामानं काळा वॉटर पेपर काढला, तो पाण्यात बुडवून लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि घासायला बसला. जोर नाही लावायचा, फक्त फिरवत राहायचं, पेपर कोरडा पडू द्यायचा नाही. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक कागद. मी दुसऱ्या बाजूनं घासायची. माझ्या बोटांची कातडी पांढरी होऊन सुरकुतायची, खांदे रात्रभर ठणकायचे. पण खोटं कशाला बोलू, मजा यायची. त्या मेलेल्या पांढऱ्याखालून निळा वर यायला लागला की मला अंगावर काटा यायचा. मामा घासताना गुणगुणायचा, मध्येच गोष्टी सांगायचा, सुप्याला कारखान्यात कोण कसं बेमालूम झोपतं त्याच्या. मी हसायची, आणि हसून झाल्यावर मनात म्हणायची, हा मला बोलण्यात गुंतवतोय तर नाही?

संध्याकाळी दादांचा ठरलेला प्रश्न. "आज काय केलं त्यानं?"

"घासलं."

"निस्तं घासलं?"

"व्हय."

"जेवताना खाली बघत हुता. का बरं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? ताट खालीच असतं, असं आई आतून म्हणाली, तर दादा म्हणाले, "तू भावाचीच बाजू घेणार." आई बिचारी दोन्हीकडून भाजली जायची. सकाळी भावासाठी गुळाचा चहा वेगळा करायची, तर दादा विचारायचे, वेगळा का. एकत्र केला तर मामा विचारायचा, गूळ संपला का गं ताई.

एका दुपारी मी बुडाशी, मधल्या कण्याजवळ घासत होते. पांढरं गेलं, निळं आलं आणि निळ्यात एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. मी पेपर पुढे नेला तशी रेघ पुढे निघाली, वितभर गेली आणि थांबली. मी मान वर केली. मामा माझ्याकडेच बघत होता. त्यानं काय केलं असेल? पुढे होऊन त्या रेघेवर आपला तळहात ठेवला आणि अगदी सहज म्हणाला, "शके, चहा टाकायला सांग ताईला."

मी गेले. पण भिंतीआडून बघत राहिले, हेरच होते ना. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग पिशवीतून पत्र्याचा डबा, एक बाटली आणि पांढऱ्या तंतूंचं विस्कटलेलं कापड काढलं. ती रेघ त्यानं अवजारानं चांगली कोरली, भोवतीची जागाही पसरट घासून घेतली. केसाएवढी होती, यानं बोटाएवढी केली! मग डब्यातल्या चिकट पातळात कापडाचा एक तुकडा भिजवून थापला, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. नाकात झोंबणारा वास अंगणभर पसरला. आईनं आतून विचारलं, "कसला रं वास?" मामा म्हणाला, "पालीशचा." पालीशचा नव्हता तो. पालीश मी रोज हातात धरत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं होडी कुशीवर कलती केली, आतूनही तसाच थर दिला आणि वाळल्यावर दोन्हीकडून घासून वर निळा रंग ओढला. आत कचरा साफ करतोय, असं मला सांगितलं.

त्या संध्याकाळी दादांनी विचारलं, "आज काय केलं त्यानं?" आणि मी म्हटलं, "घासलं." सांगितलं असतं तर दादांनी त्याच टेम्पोनं होडी परत पाठवली असती, आणि मी श्रीगोंद्याला धारा काढत बसले असते. पण नाही सांगितलं तर? सारा गाव बसणार त्यात. बाया, पोरं, बाजाराच्या पाट्या. मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून विचार करायची, मामा लबाड आहे का? लबाड असेल तर इतकं मन लावून घासतो कसा? आणि लबाड नसेल तर तळहात का ठेवला? मला त्याचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी तो "ये गं शके" म्हणाला की राग कुठं जायचा कळत नसे.

शेवटी मेण. आतून-बाहेरून घासून, पालीश करून झाल्यावर मामानं पसरट डबी उघडली. उन्हात नाही लावायचं, सावलीत. थोडं थोडं, गोल गोल, एका वेळी सुपाएवढीच जागा. लावलं की ते धुरकट होतं, तोवर थांबायचं, मग आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पुसायचं. पुसलं की खालून लिंबाची फांदी दिसायची, पान न् पान. भेग होती ती जागासुद्धा मी निरखून पाहिली. हात फिरवला. काही नाही. इतकं काही नाही की मला घाम फुटला.

होडी पाण्यात घालायच्या दिवशी निम्मा गाव लिंबाखाली जमला. होडी सरळ करून त्याच दगडांवर ठेवली होती. वल्ही मारायला लक्ष्मणतात्या यायचे ठरलं होतं, त्यांच्याशिवाय लोक बसलेच नसते. तात्या आले, त्यांनी एक प्रदक्षिणा घातली, बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी टकटक केलं, वास घेतला. होडीच्या पोटात त्यांना आपलं तोंड दिसलं, तसे ते मागे सरले.

"येवढी चकाकतीया म्हंजी कायतरी झाकलंय," तात्या म्हणाले. "मी न्हाई वल्हं धरायचा."

झालं. जो तो तेच म्हणायला लागला. पांढरी होती तेव्हा बरी दिसत होती म्हणे! दादांनी मामाकडे बघितलं. "माठ कसा घेत्यात?" दादा म्हणाले. "पाणी भरून. गळला तर कळतंय. लावा मोटार, भरा होडी."

"भरू नका दाजी!" मामा एकदम ओरडला.

मोटारीकडे निघालेला माणूस थांबला. मामा अजिजीनं सांगायला लागला, "अवो, पाण्यात असती तवा पाणीच तिला खालनं धरतं. हितं निस्ते दोन दगूड. काठोकाठ भरली तर त्या वजनानं मधनं मोडंल. धड होडीबी मोडंल."

आज मला कळतं की तो अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. पण तेव्हा, चोराला तपासायला जावं आणि त्यानं "पेटी उघडू नका, हवा लागंल" म्हणावं, तसंच ते वाटलं. "माठ मोडतो का रं पाण्यानं?" कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. "मग वाळूत बसवा अन् भरा," मामा काकुळतीला आला. "वा रं वा," तात्या म्हणाले, "वाळू पाणी पिऊन टाकंल, गळाल्यालं दिसंल कसं?" मामाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

दादा वळले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "शके, तू रोज त्याच्यापाशी हुतीस. खरं सांग. भेग हुती का?"

माझ्या डोळ्यांपुढे कॉलेज आलं, श्रीगोंदा आलं. मामाकडे बघायचं धाडस झालं नाही.

"हुती. कण्यापाशी. वितभर. मामानं कोरली अन् बुजवली. आतनं बी, भाईरनं बी."

मी जागा दाखवली. दादा होडीखाली उकिडवे बसले आणि नखानं चाचपत राहिले. त्यांना काही सापडलं नाही. उठले, माती झटकली. मला वाटलं, आता मामाच्या कानाखाली आवाज निघतो.

"मला का न्हाई सांगितलं?"

मामाचा आवाज पार खाली गेला होता. "सांगितलं असतं तर तुमी ठेवली असती का?"

दादांनी विचार केला. माझे दादा संशयी होते, पण खोटारडे नव्हते. "न्हाई ठेवली असती," ते म्हणाले.

तोवर तात्या खाली वाकून माझ्या बोटाखालची जागा चाचपत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "लाकडाची बी अशीच बुजवायचो मी. डांबर अन् काथ्या. कुठं हाय त्ये म्हाईत पायजे, मग तिथं डोळा ठिवता येतो."

"तेच तर," दादा म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी कळलंच नाही. ते सुटकेचं होतं. गेला पंधरवडा हा माणूस जी खोड शोधत होता ती त्याला सापडली होती. बैलबाजारात ते नेहमी म्हणत, निर्दोष बैल कुणी विकायला आणतच नाही. मारका आहे म्हणून सांगा, बसका आहे म्हणून सांगा, मग बोलू. खोड सांगून दिलेला बैल त्यांनी कधी परत केला नव्हता. त्यांनी आईला गेरू आणायला सांगितला आणि त्या आरशासारख्या होडीत, आतल्या बाजूला, बरोबर त्या जागेभोवती, बोटानं एक ओबडधोबड तांबडं कडं काढलं. मामानं डोळेच मिटून घेतले. इतकं घासलेलं, पुसलेलं, आणि त्यात हे कुंकू! पण लोकांचे चेहरे बघायला हवे होते. जो तो पुढे होऊन कड्यात वाकून बघत होता आणि समाधानानं मागे सरत होता. पुढे कित्येक वर्षं नवा माणूस उतारावर आला की आधी विचारायचा, भेग कुठंय? दाखवली की निवांत बसायचा. गेरू पुसट झाला की दादा पुन्हा काढायचे. तिला आजतागायत त्या जागी थेंब आला नाही. इतरत्र आला, तो भाग वेगळा.

"पहिली फेरी बुजवणाऱ्यानं मारायची," दादा म्हणाले. "अन् शकी बसंल."

"अवो, पोरीला कशाला?" आई धावत पुढे आली.

"भेग तिनंच बघितली. नजर बी तीच ठेवंल. अन् फारम भरायचा हाय न्हवं तिला?"

सगळ्यांनी मिळून होडी पाण्यात लोटली. ती इतकी हलकी तरंगली की तात्यांनी "आयला!" म्हटलं. मी मार्कलिस्ट ओढणीत गुंडाळून छातीशी धरली आणि आत बसले, तांबड्या कड्यासमोर. मामाला वल्ही धड मारता येत नव्हती. दोनदा आम्ही गोल फिरलो, काठावर लोक खिदळले. मग होडी सरळ झाली आणि आवाज मागे पडत गेले. मी एकदाच वळून पाहिलं. दादा पाण्यात शिरले होते. कमरेपर्यंत. धोतर भोवती फुगून आलं होतं आणि आई काठावरून त्यांना हाका मारत होती, पण त्यांचं लक्ष होडीवर होतं.

मी कड्यावर तळहात ठेवला होता. कोरडं. पुन्हा ठेवला. कोरडं. मधोमध आल्यावर मामानं वल्ही थांबवली. वल्ह्यांवरून पाणी टपटपत होतं.

"शके, एक इचारू? बसलीस ती माझ्यावर भरवसा ठिवून, का दाजीला भिऊन?"

मी खोटं बोलणार होते. भरवसा ठेवून, म्हणणार होते. त्याला किती बरं वाटलं असतं. पण आमच्या घरात ती सवय नव्हती.

"कॉलेजसाठी बसले."

"अन् फुटली असती तर?"

"पवत गेले असते."

मामानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला पवता कुठं येतंय?"

"न्हाई येत," मी म्हटलं.

मग त्यानं मान खाली घालून शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि वल्ही अशी मारायला लागला की पाणी माझ्या अंगावर उडायला लागलं. "मामा, भिजंल ना मार्कलिस्ट," मी ओरडले.

"मग धर की वर," तो म्हणाला, "फारमाची खिडकी बंद व्हायच्या आत पोचवतो तुला."